मांडणशिल्प, प्रदर्शनाचा अवकाश आणि प्रेक्षकाची स्मृती

प्रदर्शन पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या स्मरणात काही महिन्यांनी काय उरते? माहितीफलकांवरील मजकूर बहुधा विसरला जातो. दालनातील अंधार, गारवा किंवा पायांखालची जमीन मात्र दीर्घकाळ आठवते. या अनुभवामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बर्लिन येथील ज्यू संग्रहालयाची नवी इमारत २००१ साली प्रेक्षकांसाठी खुली झाली. नष्ट केल्या गेलेल्या समाजाची अनुपस्थिती वस्तू मांडून दाखविता येत नाही. म्हणून वास्तुरचनाकार डॅनियल लिबेस्किंड यांनी इमारतीत काही पोकळ्या हेतुतः रिकाम्या ठेवल्या. त्यांपैकी एका पोकळीत मेनाशे कादिशमान या इस्रायली कलावंताचे ‘शालेखेत’, म्हणजे ‘गळालेली पाने’, हे मांडणशिल्प आहे. जाड लोखंडी पत्र्यातून कापलेले, आ वासलेले १०,००० हून अधिक चेहरे तेथे जमिनीवर पसरले आहेत. पुढे जायचे तर त्यांच्यावर पाय देऊनच जावे लागते. प्रत्येक पावलागणिक लोखंडावर लोखंड आपटते आणि तो आवाज उंच काँक्रीटच्या भिंतींत घुमतो. एखादा प्रेक्षक कडेलाच थबकतो. तोही प्रतिसादच होय. कारण पाऊल टाकावे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते आणि असा निर्णय सहसा विसरला जात नाही. याच संग्रहालयाच्या निर्वासन-उद्यानात ४९ स्तंभ तिरप्या जमिनीवर उभे आहेत. त्यांच्यामधून चालताना तोल सावरावा लागतो. परागंदा झालेल्यांची अस्थिरता अशी शरीरालाच कळते.

तथापि केवळ शारीरिक धक्का पुरेसा मानणे एकांगी ठरेल. जत्रेतील आकाशपाळणाही लक्षात राहतोच! कलाकृती आणि स्थळ यांचे नातेही तितकेच निर्णायक असते. मुंबईचे चित्रकार जितीश कलाट यांनी २०१० साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर स्वामी विवेकानंदांचे ११ सप्टेंबर १८९३ चे भाषण प्रकाशमान अक्षरांत मांडले. ते भाषण याच वास्तूत झाले होते. अक्षरांचे पाच रंग अमेरिकेच्या तत्कालीन दहशतवाद-इशारा प्रणालीतून घेतलेले होते. धर्मांधतेच्या अंताची आशा वाचत प्रेक्षक पायऱ्या चढे, आणि २००१ मधील त्याच तारखेची आठवण ते रंग करून देत. हीच मांडणी अन्य कोणत्याही जिन्यावर इतकी अर्थपूर्ण झाली नसती.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे कोणतेही तंत्र नाही. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री अशा घरगुती वस्तूंची कपाटांत दाटी आहे. काटेकोर मांडणीच्या निकषावर तिच्यात दोषही काढता येतील. परंतु दिनकर केळकरांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे, नाव या संग्रहाला दिले, हे एकदा कळले की त्या दाटीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.