बोलका संगणक, मुकी बटणे

आमच्या सरकारी रुग्णालयात बुधवार हा दिव्यांग प्रमाणपत्रांचा दिवस. काही वर्षांपूर्वी अशाच एका बुधवारी चाळिशीतले एक गृहस्थ पत्नीचा हात धरून आले. पतसंस्थेत लेखनिक होते. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकल्या होत्या. थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली, पण रोग उशिरा सापडला होता आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चांगल्या डोळ्याची दृष्टीही ३/६० पेक्षा कमी, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत अंधत्व. मी सही केली.

"साहेब, माझं सगळं काम कॉम्प्युटरवर आहे. आता कसं व्हायचं?" त्यांनी विचारले.

"आता घरच्यांनीच सांभाळून घ्यायला हवं," असे मी त्यांच्या पत्नीकडे बघत म्हणालो आणि पुढचे नाव पुकारायला सांगितले. ते वाक्य मला आजही बोचते. कारण त्यांच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते माझ्याच टेबलावरच्या संगणकात होते.

दोन वर्षांनी तेच गृहस्थ आईच्या मोतीबिंदूसाठी आले. खांद्याला लॅपटॉपची बॅग. नोकरी शाबूत होती. एका दृष्टिहीन शिक्षकाकडून ते 'स्क्रीन रीडर' वापरायला शिकले होते. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारा प्रोग्रॅम. माउसला हात न लावता, केवळ कीबोर्डवर ते झरझर काम करत होते. आवाजाचा वेग इतका की मला एक शब्द कळेना. मग त्यांनी आईची नोंदणी करायला आमच्या रुग्णालयाचा ऑनलाइन अर्ज उघडला. लॅपटॉप बोलू लागला, "बटण. बटण. चित्र. बटण." ते हसून म्हणाले, "साहेब, यातलं 'जमा करा' कोणतं, तेवढं सांगा."

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. १९८०च्या दशकातील डॉस प्रणालीच्या संगणकांवर पडदा म्हणजे साधारण २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे. संगणकाच्या स्मृतीत ती अक्षरे म्हणूनच साठवलेली असत, त्यामुळे ती उचलून वाचणे तुलनेने सोपे होते. मग विंडोजसारख्या चित्रमय प्रणाली आल्या. डोळसांची सोय झाली, पण पडद्यावरचे अक्षर आता रंगीत ठिपक्यांचा पुंजका झाले. कचऱ्याच्या डब्याचे चित्र पाहून आपल्याला कळते की येथे फाइल टाकून द्यायची. ठिपक्यांवरून ते ओळखणे त्या काळच्या प्रोग्रॅमला शक्य नव्हते. डॉसवर पोट भरणाऱ्या दृष्टिहीनांवर नोकरी जाण्याची वेळ आली.

उपाय ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुळाशीच करावा लागला. पडद्यावर चित्र रंगवताना प्रणालीने त्याची एक यादीही बाळगायची. यादीत प्रत्येक वस्तूचे नाव, प्रकार आणि स्थिती: 'जमा करा, बटण, सुरू'. स्क्रीन रीडर चित्राकडे बघत नाही, तो ही यादी विचारतो आणि मिळालेला मजकूर आवाजात बदलतो. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी अशी व्यवस्था १९९७ मध्ये आणली. ॲपलने २००५ मध्ये मॅकमध्येच 'व्हॉइसओव्हर' बसवले आणि २००९ मध्ये आयफोनमध्ये. गुळगुळीत काचेवर आंधळेपणाने बोट कसे चालणार, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. उत्तर साधे निघाले. बोट फिरवले की खाली काय आहे ते फोन सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतो.

ही कामे करणाऱ्यांत स्वतः दृष्टिहीन असलेले अभियंते मोठ्या संख्येने आहेत. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली नजर गेली. पुणे विद्यापीठात गणित, आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणिती मजकूर बोलून दाखवण्यावर संशोधन, असा त्यांचा प्रवास. पुढे 'इमॅकस्पीक' हा बोलका प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हा विंडोजसाठीचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तोवर असे चांगले प्रोग्रॅम फार महाग होते. एनव्हीडीए मोफत आहे, पेनड्राइव्हवरून चालतो आणि मराठीही वाचतो. आमच्या लेखनिकांची नोकरी वाचली ती यावरच.

मग अडते कुठे? यादीत नाव भरण्याचे काम शेवटी संकेतस्थळ किंवा ॲप तयार करणाऱ्याचे असते. त्याने बटणावर नुसते चित्र चिकटवले आणि नाव लिहिलेच नाही, तर प्रणाली कितीही चांगली असो, ती 'बटण' एवढेच बोलणार. रुग्णाच्या केसपेपरवर नावच नसावे, तसे हे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्या प्रकरणात ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची अट हा एक मुद्दा होता. ज्याला कॅमेरा कुठे आहे तेच दिसत नाही, त्याने काय करायचे?

एक सोपी परीक्षा कोणीही घेऊ शकतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमधला 'नॅरेटर' बोलू लागतो. मग पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि आपल्या कार्यालयाचा अर्ज भरून पाहा. अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात 'टॉकबॅक' सापडेल. घरात कोणाची नजर कमी होत असेल, तर थोडे दिसत असतानाच हे शिकवायला घ्या. तेव्हा ते सोपे जाते. आणि आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस नियमित तपासून घ्या. सुरुवातीला हा रोग बहुतेकांना जाणवतच नाही.

आमच्या अर्जाबद्दल मी वरिष्ठांना पत्र दिले, मग स्मरणपत्र दिले. 'जमा करा' या बटणाला आता नाव मिळाले आहे, बाकीची अजून मुकी आहेत. तिसरे पत्र तयार आहे. बुधवारी मात्र एक गोष्ट बदलली. प्रमाणपत्रावर सही झाल्यावर मी रुग्णाला खुर्चीतून उठू देत नाही. माझ्या टेबलावरचा संगणक त्यांच्याकडे वळवतो, ती तीन बटणे त्यांच्याच बोटांनी दाबून घेतो आणि म्हणतो, "ऐका."