विडी सोडवणारा फोन

रात्रीच्या पहाऱ्यावर लागलेली विडी अनेक सैनिकांना निवृत्तीनंतरही सुटत नाही. मुखेड किंवा अहमदपूरकडच्या वाडीवर राहणाऱ्या माजी सैनिकाचा समुपदेशनासाठी नांदेड-लातूरला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. म्हणून तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फोन क्रमांक मला मोलाचा वाटतो. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. फोन मोफत, साध्या मोबाइलवरूनही लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

समुपदेशक आधी सवय समजून घेतो: पहिली विडी कधी, चहाबरोबर की जेवणानंतर? मग सोडण्याची तारीख ठरते, आणि पुढे तोच पुन्हा फोन करतो. हे पाठपुराव्याचे फोनच खरं काम करतात. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. ते थांबलं की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते. पहिला आठवडा सर्वांत कठीण. तलफेची लाट मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावं, चालावं, कुणाशी बोलावं.

स्मार्टफोन असेल तर संरक्षण मंत्रालयाची ‘सेहत’ ओपीडीही आहे. मे २०२१ पासून माजी सैनिकांना तिथे व्हिडिओवर डॉक्टर भेटतात. हृदयविकार असलेल्यांनी विडी सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.