डिपर दिला तरी डोळे का दिपतात?

वार्षिकांकासाठी साहित्य मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता द्यायचे ठरवले. माझ्याही वहीत दोन कविता आहेत; पण गेल्या माघ महिन्यापासून आमच्या घरात ज्या गोष्टीवरून बोलणी चालली आहेत, ती कवितेत मावणारी नाही. ती गोष्ट म्हणजे मोटारीचे पुढचे दिवे. कला शाखेच्या मुलीने हेडलाइटवर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. हसोत बापडे.

आमचे गाव पाटण तालुक्यात. घरची एक जुनी जीप आहे, गोल दिव्यांची, आणि ती वडापला चालते. पूर्वी आबा चालवत. आता दादा चालवतो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि स्टिअरिंग हाती घेतले. माझी फी, माझा एस.टी.चा पास, ही वही आणि हे पेन, सगळे त्या जीपच्या फेऱ्यांतून आलेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. हे सांगायचे कारण असे की, पुढे दादाची एक चूक सांगायची आहे आणि ती लिहिताना हात अडखळतो.

उसाच्या हंगामात आमच्याकडचे रस्ते रात्री कसे असतात ते या भागातील वाचकांना सांगायला नको. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. ऊस रस्त्यावर लोंबत असतो. दादा रोज म्हणे, "ह्या चिमण्यांच्या उजेडात काय दिसतंय? एखाद्या दिवशी ट्रॉलीखाली जायचो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी त्याने कराडहून २४०० रुपयांची एलईडी बल्बांची जोडी आणली आणि घरीच बसवली. पहिल्या रात्री दिवे लावले तेव्हा समोरचा गोठा दुधासारखा पांढरा दिसू लागला. पोरे नाचली. मीही खूश झाले, हे कबूल करते.

नवव्या की दहाव्या दिवशी आमचे चुलते, नाना, दुधाच्या किटल्या घेऊन मोपेडवरून डेअरीला निघाले होते. सायंकाळचे सात वाजले असतील. वळणावर समोरून गाडी आली, नानांचे डोळे दिपले आणि मोपेड चरीत गेली. मनगट मोडले, तीस लिटर दूध मातीत गेले. गाडी कोणाची होती याचा शोध घ्यावा लागला नाही. गाडी थांबवून दादाच खाली उतरला आणि त्यानेच नानांना उचलून दवाखान्यात नेले.

घरी आल्यावर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आबा, आईशप्पथ, मी डिपर दिला होता." आणि तो खरे बोलत होता. गाडीत बसलेल्या माणसांनीही तेच सांगितले. मग डिपर दिला असूनही नानांचे डोळे का दिपले? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पाटणच्या स्टँडजवळ गाड्यांचे वायरिंग करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडून मी एक जळका जुना बल्ब मागून आणला. बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर शेजारच्या गल्लीत राहतात, त्यांच्या ओट्यावर तीन संध्याकाळी बसले. जे कळले ते असे.

आपण 'दिवा' म्हणतो तो एकटा बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा चकचकीत वाडगा आणि पुढची काच, ज्याला दुकानदार 'डूम' म्हणतात, हे सगळे मिळून दिवा होतो. वाडग्याचा बाक असा बेतलेला असतो की एका ठराविक बिंदूवर उजेड पेटला तर तो सरळ समांतर पुढे जातो. जुन्या हॅलोजन बल्बात, ज्याला 'एच-४' म्हणतात आणि जो १९७१ पासून चालत आलेला आहे, दोन तारा असतात. अप्परची तार ६० वॉटची, ती त्या बिंदूवर. डिपरची ५५ वॉटची, ती बिंदूच्या थोडी पुढे. तार पुढे आली की वाडग्याच्या वरच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड खाली रस्त्याकडे वळतो. पण खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड उलट वर आकाशाकडे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. त्याला अडवण्यासाठी डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. जळका बल्ब हातात धरून मी ती पाहिली. शेंगदाण्याच्या अर्ध्या टरफलाएवढी असेल. एवढीशी वाटी समोरून येणाऱ्या शेकडो माणसांचे डोळे सांभाळते.

त्या वाटीची एक कड मुद्दाम उतरती ठेवलेली असते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. म्हणून उजेडाची वरची रेघ उजवीकडे, समोरची गाडी येते तिकडे, सपाट आणि खाली राहते, तर डावीकडे तिरपी वर चढते. डावीकडून चालणारा माणूस, कडेची बैलगाडी त्यामुळे जरा लांबून दिसते.

आता या घडवलेल्या घरात दुसराच भाडेकरू आणून ठेवला तर काय होईल? हॅलोजनची तार बारीक, पाच-सहा मिलिमीटर लांबीची, आणि तिचा उजेड सगळ्या बाजूंनी गोल फाकतो. एलईडी ही तार नव्हे, सपाट चकती असते. ती पट्टीच्या दोन्ही अंगांना बसवतात. उजेड डावीकडे-उजवीकडे जास्त, वर-खाली कमी, आणि मध्ये पट्टीची जाडी. वाडग्याला एका जागी एक बारीक ज्योत हवी असते. त्याला दोन पसरट ज्योती मिळतात, आणि त्याही किंचित चुकलेल्या जागी. वाटीची नक्कल पुष्कळ कंपन्या करतात. पण ज्योतीची जागाच चुकली तर वाटीने करायचे काय?

दुसरा प्रकार एच.आय.डी.चा, ज्याला आपल्याकडे 'झेनॉन' म्हणतात. त्यात तार नसते. दोन टोकांच्या मध्ये वायूतून ठिणगी जळत राहते, आणि ती पेटवण्यासाठी वीस हजार व्होल्टच्या आसपासचा झटका लागतो. तो देणारा डबा वेगळा, ट्यूबलाइटच्या चोकसारखा. १९९१ साली बी.एम.डब्ल्यू.च्या मोठ्या गाडीत हे दिवे प्रथम आले. हॅलोजनचा डिपर साधारण १००० ल्युमेन उजेड देतो, तर ३५ वॉटचा झेनॉन ३२०० च्या घरात. एवढ्या उजेडाला आवर घालण्यासाठी तिकडे त्याच बल्बासाठी बनवलेला स्वतंत्र दिवा, मागे ओझे वाढले तर दिव्याचे तोंड आपोआप खाली करणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा, अशी सारी व्यवस्था सक्तीची आहे. ती नसलेल्या गाडीत, वाडगा तोच ठेवून नुसता बल्ब खुपसला तर तिप्पट उजेड मोकाट सुटतो. कारखान्यातूनच एलईडी लावून येणाऱ्या नव्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेथे वाडगा आणि भिंग त्या चकतीसाठीच बनवलेले असते.

हे सगळे दादाला कसे सांगायचे? "चार बुकं शिकली आणि मला गाडी शिकवायला लागली," असे तो म्हणाला नसता. पण मनात आले असते, आणि ते मला सहन झाले नसते. म्हणून सांगायचे सोडून मी त्याला शाळेच्या भिंतीपाशी गाडी घ्यायला लावली. भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली होती. एका दिव्यात जुना हॅलोजन, दुसऱ्यात एलईडी, आणि भिंत पाच मीटरवर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर मी खडूने रेघ मारली. नियम असा की डिपरच्या उजेडाची वरची कड दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली उतरावी. म्हणजे पाच मीटरवर रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली.

एलईडीवर पोते टाकले. हॅलोजनचा उजेड भिंतीवर पडला तो सुरीने कापल्यासारखा: खाली पिवळा, वर काळोख, डावीकडे चढती कड. मग पोते दुसऱ्या दिव्यावर टाकले. भिंतीवर रेघच नव्हती. पांढरे भगदाड, त्याच्या आजूबाजूला डाग, आणि उजेड थेट कौलांपर्यंत. पाखाडीतले कबुतर फडफडून उडाले. दादा काहीच बोलला नाही.

आणखी एक प्रयोग केला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत असे आहे की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या अंगाला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा दिवा नसावा. माझी उंची पाच फूट तीन इंच. डोळे बरोबर दीड मीटरवर. तेव्हा मीच मोजून उभी राहिले. हॅलोजनमध्ये मला दादाचा हात हललेला दिसत होता. एलईडीत गाडी आहे की जीपच्या रूपाने सूर्य उगवला आहे हेही कळेना. दिवे बंद झाल्यावरही दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे हिरवा गोळा तरंगत होता. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. म्हणजे नानांसारख्या माणसाने, तेही उतारवयातल्या डोळ्यांनी, पन्नास मीटर आंधळेपणाने जायचे.

मग दादा म्हणाला, "तायडे, त्ये समदं खरं. पण मला ट्रॉली दिसाया पायजेल, त्येचं काय?"

हा प्रश्न मला माझ्या प्रश्नापेक्षा मोठा वाटला. त्याचे उत्तर वायरिंगवाल्या मामांनी दिले. त्यांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर जेवढे व्होल्ट होते, त्यापेक्षा जवळजवळ दोन व्होल्ट कमी बल्बच्या होल्डरवर पोहोचत होते. दोन्ही डिपरना मिळून नऊ अँपिअरचा प्रवाह लागतो. तो पंचवीस वर्षांच्या बारीक तारांतून, डॅशबोर्डावरच्या बटणातून फिरून जात होता. हॅलोजनचा स्वभाव असा की दाब शेकडा १० ने घटला तर उजेड शेकडा ३० ने घटतो. आमच्या चिमण्या मुळात चिमण्या नव्हत्याच. त्या अर्धपोटी होत्या. मामांनी बॅटरीपासून जाड तारा टाकल्या, मध्ये रिले बसवला, अर्थिंग घासून घट्ट केले. वाडग्यांचा मुलामा उडाला होता, म्हणून डूम नवे घेतले. सगळे मिळून एलईडीच्या जोडीपेक्षा थोडे कमीच लागले. १०० वॉटचे बल्ब टाकावेत अशी दादाची सूचना होती; "होल्डर वितळंल," एवढेच मामा म्हणाले.

आम्ही सरळ रस्त्यावर काठीला गोणपाट टांगून पाहिले. एलईडीच्या उजेडात गाडीपुढची पंधरा-वीस पावले लख्ख दिसत होती, आणि त्या लख्खपणालाच डोळा सरावल्यामुळे पलीकडचे गोणपाट उलट अंधारात जाई. नव्या तारांच्या हॅलोजनमध्ये ते आधी दिसले. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दुसराही अनुभव आला: वर सुटणारा उजेड नसल्यामुळे धुक्याची भिंत पूर्वीसारखी डोळ्यांवर येत नाही.

तरी दादाला पिवळा उजेड अजून आवडत नाही. जर्मनीत २०२० साली एक एलईडी बल्ब कायदेशीर ठरला, पण यादीत दिलेल्या ठराविक गाड्यांपुरताच, हे मी त्याला सांगितले; त्या यादीत आमची जीप कशी असेल? त्याने ती २४०० ची जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. विकतही नाही, टाकतही नाही. नानांचे प्लास्टर निघाले; किटली मात्र ते अजून डाव्या हाताने उचलतात.

परवा कराडहून येताना मी दादाच्या शेजारी बसले होते. समोरून एक गाडी आली, निळसर पांढऱ्या उजेडाची. दादाने डिपर दिला. समोरून काही फरक दिसेना. दादाने वेग कमी केला, डाव्या हाताचा पंजा डोळ्यांवर धरला, गाडी कडेला घेतली आणि ती निघून जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "त्येनं पण दिलाय बरं का डिपर, तायडे."