पत्र्याखालचा माळा

गाडीच्या शेडवर पत्रा टाकून काढलेला सामानाचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापला, की बहुतेकांना पहिला आठवतो तो पंखा. पण तापलेला पत्रा खालच्या सामानाला उष्णता देतो ती हवेमार्फत कमी, प्रारणाने जास्त. आणि प्रारण पंख्याने अडत नाही. शिवाय नागपुरात बाहेरच ४४ अंश असताना आत ओढलेली हवा माळ्याला त्याखाली नेणार कशी? कोंडलेली धग निघून जायला वर-खाली झरोके हवेतच, पण खरा बंदोबस्त पत्र्याचाच करावा लागतो. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ओततं. गंजका, काळवंडलेला पत्रा त्यातलं बरंचसं शोषून साठ अंशांपलीकडे जातो. पांढऱ्या परावर्तक रंगावरून त्यातलं बहुतेक ऊन परत फिरतं. हा रंग धुळीने मळतो, हा आक्षेप रास्त आहे; पण फेब्रुवारीअखेर छप्पर एकदा घासून धुतलं की काम भागतं. आतून, पत्र्यापासून इंचभर पोकळी सोडून अॅल्युमिनियमची शीट ताणावी, चमकती बाजू खाली ठेवून, म्हणजे तिच्यावर धूळ बसत नाही. एवढं करूनही माळा बाहेरच्या हवेइतका गरम राहणारच. औषधं, थिनर आणि जुने फोटो तिथे ठेवू नका.