शारीरिक पात्रता तपासणी, सेवाप्रवेशपूर्व

उमेदवार नियोजित काम स्वतःस व इतरांस धोका न पोहोचविता करू शकेल किंवा नाही, हे नेमणुकीपूर्वी ठरविण्याची पद्धती. क्षमता चाचणी व वैद्यकीय तपासणी ही तिची दोन अंगे होत. पहिलीत उमेदवारांची परस्परांशी तुलना होते, तर दुसरीत प्रत्येकाची तुलना कामाच्या गरजेशी होते.

क्षमता चाचणीचे परिचित उदाहरण म्हणजे पोलीस शिपायांची भरती. बुलढाणा जिल्ह्यात, राज्यात इतरत्र असते त्याप्रमाणेच, पुरुषांस किमान १६५ सेंमी. व महिलांस १५५ सेंमी. उंची लागते. पुरुषांची छाती न फुगविता ७९ सेंमी. व फुगविल्यावर आणखी ५ सेंमी. भरावी लागते. १,६०० मी. (महिलांस ८०० मी.) व १०० मी. धावणे आणि गोळाफेक यांस मिळून ५० गुण असतात. उंचीच्या मापाचा प्रत्यक्ष कामाशी संबंध धावण्याइतका उघड नाही. तरीही एका सेंटिमीटरने उमेदवार बाद होतो.

मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून जाणाऱ्या रेल्वेत कसोटी कामानुसार बदलते. इंजिनचालकास प्रत्येक डोळ्याची ६/६ दृष्टी चष्म्याविना लागते. रूळ राखणाऱ्यास काहीशी सवलत असते. स्वीडनमधील लागरलुंडा येथील १८७५ च्या अपघातानंतर होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडींनी रंगांधत्व तपासण्यास आरंभ केला. पुढे इशिहारा यांचे ठिपक्यांचे तक्ते रूढ झाले.

कामाशी संबंध नसलेल्या कारणासाठी उमेदवार नाकारणे मात्र गैर ठरते. एचआयव्हीबाधित पण कामास समर्थ असलेल्या व्यक्तीस केवळ त्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. २०१७ च्या अधिनियमाने नोकरीसाठी अशी चाचणी सक्तीची करण्यास मनाई केली.

तपासणीचा दुसरा, बहुधा दुर्लक्षित उपयोग कापूस उद्योगात दिसतो. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ असून १८७० मध्ये ती जलंबमार्गे लोहमार्गाने जोडली गेली. सरकीपासून रुई वेगळी करताना उडणाऱ्या धुळीने बिसिनोसिस हा श्वसनविकार संभवतो. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे आरंभीचे लक्षण होय. नुकसानभरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांत त्याची गणना होते. परंतु जुनाट अवस्थेत तो धूम्रपानजन्य श्वासनलिकादाहाहून ओळखणे कठीण जाते. कामावर येतेवेळी मजुराने जोराने सोडलेल्या उच्छ्वासाचे पहिल्या सेकंदातील माप नोंदवून ठेवले असेल, तर नंतरची घट दाखविता येते. हंगामी मजुरीत मुकादम पुष्कळदा माणसाची पारख नजरेनेच करतो. अशा वेळी ती नोंद होत नाही, आणि पुढे दम लागू लागल्यावर तो कामामुळेच जडला हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर येतो.