मुलांना आजीकडे ठेवून गरम पाण्याच्या बेटावर

‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? ‘ए’ सर्टिफिकेटचा सिनेमा! त्यामुळे इटलीतल्या इस्किया बेटावर, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसलेल्या हॉटेलात आम्ही उभयता सहा दिवस राहून आलो हे कळल्यावर ओळखीच्या बायकांच्या भुवया जरा वर गेल्याच. “अगंबाई, मग मुलं?” हा पहिला प्रश्न. “तिथं असतं तरी काय?” हा दुसरा, जरा हळू आवाजातला. मैत्रिणींनो, तुमच्याही मनात हेच दोन प्रश्न असतील. आधी दुसऱ्याचे उत्तर देते, म्हणजे पहिल्याचे आपोआप मिळेल.

पोटात ऊब असलेले बेट

इस्किया हे नेपल्सच्या आखातातले बेट. नेपल्सच्या धक्क्यावरून वेगवान बोटीने तासाभरात पोचता येते. मधोमध एपोमेओ डोंगर, उंची ७८९ मीटर, आणि भोवती द्राक्षांचे मळे, लिंबांची झाडे आणि भूमध्य समुद्र. सारे बेटच ज्वालामुखीचे. शेवटचा उद्रेक १३०२ साली झाला, पण पोटातली ऊब अजून गेलेली नाही. पावसाचे आणि समुद्राचे पाणी खडकांत झिरपते, खाली तापते आणि क्षार घेऊन वर येते. आपल्याकडे वज्रेश्वरीला, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला, राजापूरला गरम पाण्याची कुंडे आहेत ना? त्यातलाच प्रकार, पण इथे बेटभर पसरलेला. मारोंतीच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी वाळूच इतकी तापलेली असते की लोक तीत अंडी-बटाटे पुरून शिजवतात! सोरजेतो नावाच्या खाडीत तर उकळते झरे थेट समुद्रात मिसळतात. तिथे खडकांच्या आडोशाला ऊन-ऊन पाण्यात बसायचे आणि पलीकडच्या गार लाटा बघायच्या.

या पाण्याचे औषधी उपयोग रोमन लोकांनाही ठाऊक होते. पुढे जूलिओ याझोलिनो नावाच्या वैद्याने इथल्या झऱ्यांवर १५८८ साली एक ग्रंथच छापला. आज समुद्रकाठच्या हॉटेलांतून आणि बागांतून या पाण्याची लहानमोठी कुंडे बांधलेली आहेत; कोमट २८ अंशांपासून चांगल्या कढत ४० अंशांपर्यंत.

आता त्या पाटीचा अर्थ लक्षात आला ना? लहान मुलांचे अंग चटकन तापते, म्हणून कढत कुंडांत त्यांना सोडत नाहीत. शिवाय येणाऱ्यांना शांतता हवी असते. बाकी तिथे पाहिले तर साठी-सत्तरीची जोडपी पांढऱ्या झग्यांत सपाता ओढत फिरत असतात. सिनेमातले काही नाही!

“ती झोप झाली. आराम केव्हा?”

ह्यांना कंपनीच्या कामासाठी नेपल्सला जायचे होते. माझे तिकीट आणि हॉटेलचा माझा वाटा मी शाळेच्या अर्ध्या पगारातून साठवलेल्या पैशांतून दिला. तेवढ्यात नवा फ्रिज आला असता, हे मला घरात दोघा-तिघांनी सांगितले. पण वर्षभर फळ्याशी आणि ओट्याशी उभे राहून माझा उजवा खांदा वर जाईनासा झाला होता. मेची सुट्टी होती, सासूबाईंनी “जा गं, आंबे आहेत, मी आहे, मुलांना तुझी आठवणही यायची नाही” म्हणून ढकललेच. (आठवण आली नाही, हे परतल्यावर दोघांनी खरे करून दाखवले!)

हॉटेलात चिखलाचा लेप घेण्याआधी डॉक्टर तपासतात. त्यांनी रक्तदाब मोजला. हृदयविकार, गर्भारपण, पायांच्या फुगलेल्या शिरा, सगळे विचारले. मग म्हणाले, “आराम केव्हा घेता?”

मी म्हटले, “मुलं झोपल्यावर.”

“ती झोप झाली. आराम केव्हा?”

मी ह्यांच्याकडे पाहिले, ह्यांनी खिडकीबाहेर पाहिले. फॉर्मवरचा तो रकाना कोराच राहिला.

चिखल की बाळंतपण?

आता प्रत्यक्ष उपचार. चिकणमाती गरम झऱ्याच्या पाण्यात कित्येक महिने मुरवत ठेवतात, आपण लोणचे मुरवतो तशी. तिचा सोसेल इतका गरम थर पाठीखांद्यांवर लावून पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवतात. मग धुऊन काढतात, क्षारांच्या ऊन पाण्याच्या टबात बसवतात, नंतर ब्लँकेटात लपेटून घाम येऊ देतात आणि शेवटी मालीश.

पडल्यापडल्या मला एकदम वाटले, हे तर आपले बाळंतिणीचे न्हाणे! तेल, कढत पाणी, शेकशेगडी, धुरी, मग बाजेवर गुंडाळून झोपणे. आपल्या आज्यांना हे सारे ठाऊक होते. फक्त ते बाईच्या वाट्याला येई बाळंतपणात, तेही सव्वा महिना. माझा धाकटा आता दुसरीत आहे. त्याच्या वेळेनंतर मला कुणी न्हाऊमाखू घातले ते थेट इस्कियाला. मूल झाले तरच बाईच्या अंगाला विश्रांती, एरवी नाही, हा हिशेब आपण कधी तपासूनच पाहिला नाही.

इटलीत हा उपचार चैनीत मोडत नाही. सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांची चिठ्ठी असली की तिथल्या नागरिकांना वर्षातून एकदा बारा दिवसांचा क्रम थोडेसे शुल्क भरून घेता येतो. त्यामुळे “बाई काय नुसती लोळते!” असे तिथे कुणी म्हणत नाही. माझा खांदा सहा दिवसांत पुरता बरा झाला असे मी मुळीच सांगणार नाही. पण वेणी घालताना हात मागे जाऊ लागला, आणि झोप लागू लागली.

लेप लावणारी बाई माझ्याच वयाची. तिला इंग्रजी येत नव्हते. तिने फोनवर दोन मुलांचे फोटो दाखवले आणि खुणेने सांगितले, ‘नोन्ना’ सांभाळते. नोन्ना म्हणजे आजी. बेटावर हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. तेवढ्यात वर्षाची कमाई करायची. म्हणजे माझा आराम दोन आज्यांच्या जिवावर चालला होता, एक ठाण्याची आणि एक इस्कियाची! निघताना मी बक्षिसी टेबलावर न ठेवता तिच्या हातात दिली.

जाणार असाल तर

• शेंगेन व्हिसा लागतो. कागदपत्रांची तयारी दोन-तीन महिने आधीपासून करा.

• हिवाळ्यात बरीच हॉटेले बंद असतात. मे किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टात गर्दी आणि दर दोन्ही चढतात.

• रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, ताप यांपैकी काही असेल तर आधी घरच्या डॉक्टरांना विचारा.

• कढत कुंडात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. आधी कोमट, मग गरम, नंतर तेवढाच वेळ आडवे पडा. भरल्या पोटी जाऊ नका, पाणी भरपूर प्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फार गळून गेल्यासारखे वाटते. घाबरू नका, त्या दिवशी उपचार कमी करा.

• मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण खोलीतच ठेवा. धातू तापतो आणि क्षारांनी चांदी काळी पडते.

• पोहण्याचा पोशाख आणि टोपी हवी. गुडघ्यापर्यंतचा पोशाखही चालतो का ते आधी विचारा. तिथे कुणी कुणाकडे वळून पाहत नाही, हा मोठाच दिलासा!

• शाकाहारी असाल तर आधी कळवा. बेटाची खासियत सशाचे कालवण आहे! पण वांग्याची पार्मिजाना, टोमॅटो-लसणीचा पिझ्झा, पावटे घातलेला पास्ता मिळतो. पक्के शाकाहारी असाल तर चीजविषयी विचारून घ्या.

• खोलीच्या भाड्याखेरीज पर्यटक कर वेगळा भरावा लागतो, आणि उपचारांचे पैसे बऱ्याचदा निराळे असतात. आधी लेखी विचारा.

आणि इस्किया सगळ्यांनाच जमणार नाही, हे काय मला ठाऊक नाही? पण रविवारचा एक तास जमेल. तिळाचे तेल कोमट करा, मुलांना त्यांच्या बाबांच्या हवाली करा, न्हाणीघराला आतून कडी लावा. बाहेरून हाका येतील, येऊ द्यात. नंतर अर्धा तास पांघरूण घेऊन पडून राहा. त्या दिवशी पोळ्या करू नका. पिठलं-भातावर घर भागतं!