फूट, मीटर आणि उंबरा

बँकेत कर्जविभागात होतो तेव्हाची गोष्ट. नंदुरबार त्या वेळी धुळे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. एका शेतकऱ्याच्या सात-बारावर क्षेत्र होते १ हेक्टर ६२ आर. घाईत मी अर्जावर लिहिले, १.६२ एकर! गृहस्थ शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, माझं रान चार एकर. तुमच्या कागदावर ते आटलं कसं?’’ चूक माझी. पण पीककर्ज निम्म्याहून कमी मिळाले असते ते त्याला.

मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. तरी बोलण्यातून एकर गेला नाही आणि धरणांच्या हिशेबातून फूटही गेला नाही. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली पाणी वाटले ते एकर-फुटांत. म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील एवढे पाणी हे एक माप. २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी महाराष्ट्राचा वाटा पाव दशलक्ष. आपले अभियंते त्यालाच १०.८९ टीएमसी म्हणतात. पाणी तेच, नाव निराळे.

माप बदलताना चुकले तर काय होते, हे १९९९ साली अमेरिकेने पाहिले. एका गटाचे आकडे पौंडांत, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले आणि मंगळाकडे गेलेले नासाचे यान गमावले.

सरदार सरोवराच्या बाबतीत अशी चूक नव्हती. पूर्ण जलपातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, गणित चोख. पण ही उंची मोजायची कुठून? समुद्रसपाटीपासून! अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे या पाण्याच्या कक्षेत आली. सातपुड्यातल्या मणिबेलीच्या माणसाने समुद्र कशाला पाहिलेला असणार? त्याचा प्रश्न साधा होता: पाणी माझ्या उंबऱ्याला लागणार की नाही? त्याचे उत्तर फुटांत नव्हते, मीटरमध्येही नव्हते.

निवाड्यात जमीन गेलेल्या खातेदार कुटुंबाला किमान ‘२ हेक्टर, म्हणजे ५ एकर’ जमीन सांगितली आहे. काटेकोर हिशेबाने २ हेक्टरचे ४.९४ एकर होतात. दोन-अडीच गुंठ्यांचा फरक कार्यालयात किरकोळ. बांधावर मात्र त्यात भाजीचा वाफा मावतो.

सरोवर पूर्ण पातळीला प्रथम भरले ते सप्टेंबर २०१९ मध्ये. आकडा बरोबर आला. पण माझ्यासमोर बसलेल्या त्या शेतकऱ्याला निदान अर्ज वाचून चूक दाखवता आली होती. ज्याचे घर जाणार, त्याला वाचता येईल अशा भाषेत माप सांगितल्याशिवाय मोजणी पुरी झाली, असे म्हणू नये.